नकार कोण देतंय ते आधी ओळखा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. दुमजली घर. वरच्या खोलीत विंडोज १० चा जुना डेस्कटॉप, केबलने जोडलेला, त्यात ‘हिशोब’ नावाचा शेअर केलेला फोल्डर. वहिनींचा विंडोज ११ चा लॅपटॉप. त्या करसल्ल्याचं काम करतात आणि त्यांना तो फोल्डर रोज लागतो. मुलाचा तिसरा लॅपटॉप. गेल्या महिन्यात फायबर कनेक्शन बदललं, कंपनीने खाली हॉलमध्ये नवा डबा बसवला. जुना राउटर चांगला चालू होता, म्हणून तुम्ही तो वरच्या मजल्यावर रेंजसाठी ठेवला, खालच्या डब्यातून केबल नेऊन त्याला दिली आणि दोन्हीकडे वायफायचं नाव-पासवर्ड एकच ठेवला. तेव्हापासून इंटरनेट सगळीकडे झकास, पण हिशोब उघडत नाही. डेस्कटॉपवरून लॅपटॉपला पिंग (‘आहेस का’ अशी चाचणीची हाक) लागतो, लॅपटॉपवरून डेस्कटॉपला लागत नाही. मधूनच एखाद्या दिवशी सगळं सुरळीत चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. लॅपटॉपचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून आत येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, बंद करून पाहिलात, फरक नाही. शिवाय चिरंजीवांची तक्रार अशी, की डेस्कटॉपवर चालू केलेल्या माइनक्राफ्टमध्ये त्याच्या लॅपटॉपवरून शिरता येत नाही. आणि तुमचा प्रश्न: राउटरमध्ये नेमका कोणता पोर्ट, म्हणजे कोणत्या नंबरचं दार, उघडू?

कोणताही नाही. हे उत्तर आधी देतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही तो उघडून बसाल. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान असतं ते बाहेरच्या जगातून घरात येऊ पाहणाऱ्यांसाठी. तुमचा लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोघंही घरातलेच. समोरच्या फ्लॅटवाला दार उघडत नाही म्हणून सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला चिठ्ठी द्यायची, त्यातला हा प्रकार. दार तर उघडणार नाहीच, पण रस्त्यावरच्या कुणालाही आत सोडायची परवानगी मात्र देऊन बसाल. विंडोजचं फाइल शेअरिंग ज्या पोर्टवर चालतं तो ४४५. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच दारातून. आता बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे तुमचं फॉरवर्डिंग लागूही पडणार नाही कदाचित; पण त्या भरवशावर राहू नका.

मी वीसेक वर्षं छोटी ऑफिसं, दवाखाने आणि घरं यांचीच नेटवर्कं बघतो. सुरुवात केली तेव्हा काही ठिकाणी जुनी कोॲक्स केबल अजून होती. सगळे कॉम्प्युटर एका माळेत आणि माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओमचा टर्मिनेटर. एक टर्मिनेटर सैल झाला की अख्खी माळ बंद. तेव्हा शिव्या घालायचो, पण तो बिघाड निदान प्रामाणिक होता. हल्ली सगळं अर्धवट बिघडतं: इंटरनेट चालतं, यूट्यूब चालतं, प्रिंटर चालतो, फक्त एक कॉम्प्युटर दुसऱ्याला ओळख दाखवत नाही. मग माणूस ‘काहीतरी ब्लॉक होतंय’ म्हणतो आणि दिसेल तो फायरवॉल बंद करत सुटतो. ब्लॉक करणारे बरेच असतात आणि प्रत्येकाची नाही म्हणायची पद्धत वेगळी असते. ती ओळखता आली की अर्धं काम तिथेच झालं.

तर फायरवॉलला हात न लावता आधी पत्ते बघा. तिन्ही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं, सलग एक शब्द. आकडेही मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी वापरा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ (त्या कॉम्प्युटरचा पत्ता) आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ (तो ज्या राउटरमधून बाहेर जातो त्याचा पत्ता) या दोन ओळी कागदावर उतरवून घ्या. खरंच कागदावर. माझा अंदाज असा, की डेस्कटॉपवर १९२.१६८.०.१० असं काहीतरी दिसेल, गेटवे १९२.१६८.०.१. आणि वहिनींच्या लॅपटॉपवर, त्या खाली हॉलमध्ये बसल्या असताना, १९२.१६८.१.२० असं काहीतरी, गेटवे १९२.१६८.१.१. तिसरा आकडा बघा: एकीकडे शून्य, एकीकडे एक. तुमच्या घरातले आकडे वेगळे असू शकतील, पण ते एकमेकांपासून वेगळे असतील हे मी जवळजवळ पैजेवर सांगतो. तसं असेल तर तुमच्या घरात एक नेटवर्क नाहीच, दोन आहेत, एकात एक बसवलेली. नवा डबा हा एक राउटर, आणि त्याच्या पोटात तुमचा जुना राउटर अजूनही स्वतःला घराचा मालकच समजतोय.

आता एका पिंगच्या मागे चालत जाऊ. डेस्कटॉपने लॅपटॉपला हाक मारली. ती आधी जुन्या राउटरकडे गेली. त्याने सवयीप्रमाणे पाकिटावरचा डेस्कटॉपचा पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता घातला (समजा १९२.१६८.१.७) आणि पाकीट पुढे दिलं. लॅपटॉपला ते आपल्याच गल्लीतल्या शेजाऱ्याचं वाटलं, शिवाय त्याचा फायरवॉल तुम्हीच बंद करून ठेवलेला, त्याने उत्तर दिलं. जुन्या राउटरला आठवत होतं की हे कुणाचं, त्याने ते डेस्कटॉपला पोचवलं. पिंग लागला. आता उलट दिशा. लॅपटॉपला १९२.१६८.०.१० हवाय. हा पत्ता आपल्या गल्लीतला नाही म्हटल्यावर त्याने पाकीट गेटवेला, म्हणजे नव्या डब्याला दिलं. नव्या डब्याला १९२.१६८.० नावाची गल्ली आपल्याच घरात, आपल्याच पाठीमागे आहे याचा पत्ताच नाही. त्याला एकच वाट ठाऊक, इंटरनेटची. त्याने पाकीट कंपनीकडे ढकललं. आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार खाजगी वापराचे, ते इंटरनेटवर कुणी पुढे नेत नाही. पाकीट तिकडेच कुठेतरी कचऱ्यात गेलं. म्हणजे इथे कुणीच काही ब्लॉक केलेलं नाही. वाटच नाही. तुम्ही जगातले सगळे फायरवॉल बंद केलेत तरी हा पिंग लागणार नव्हता.

आणि ‘मधूनच चालतं’ हे कोडंही यातच सुटतं. दोन्ही डब्यांवर वायफायचं नाव एकच असल्यामुळे लॅपटॉप कोणाला चिकटला हे तुम्हाला दिसत नाही. वहिनी वरच्या खोलीत जाऊन बसल्या की जुन्या राउटरची रेंज जास्त, लॅपटॉप त्याला चिकटतो, डेस्कटॉपच्या गल्लीत येतो, हिशोब उघडतो. खाली आल्या की नव्या डब्याला चिकटतो आणि बंद. त्यांना विचारा, ज्या दिवशी चाललं त्या दिवशी त्या कुठे बसल्या होत्या. मी अशा वेळी घरातल्या माणसांनाच आधी विचारतो. लॉग वाचण्यापेक्षा ते लवकर कळतं.

उपाय: जुन्या राउटरची मालकी काढून घ्या. त्याने फक्त वायफाय द्यावं आणि केबलचे चार खाचे द्यावेत, पत्ते वाटू नयेत. बऱ्याच राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो असेल तर निवडा, रीस्टार्ट होईल, संपलं. नसेल तर हाताने करावं लागतं आणि तिथे क्रम महत्त्वाचा. एक लॅपटॉप केबलने थेट जुन्या राउटरला जोडा. त्याच्या सेटिंगमध्ये लॅन आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा पत्ता, बदलून १९२.१६८.१.२ करा, नवा डबा ज्या हद्दीतले पत्ते वाटतो त्या हद्दीबाहेरचा हवा, तेवढं बघून घ्या. सेव्ह केल्यावर पान तुटेल, घाबरू नका, नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. हे सगळं झाल्यावरच खालून आलेली केबल वॅन लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या खाचेतून काढून साध्या लॅनच्या खाचेत घाला. केबल आधी हलवलीत तर दोन मालक एकाच घरात पत्ते वाटायला लागतील आणि आज आहे त्याहून मोठा गोंधळ होईल. हे मी स्वतः करून बसलोय, एका वकिलांच्या ऑफिसात, सोमवारी सकाळी. तपशील सांगत नाही.

काही जण कंपनीचा डबाच ब्रिज मोडमध्ये टाकायला, म्हणजे मालकी त्याच्याकडून काढून जुन्या राउटरकडे ठेवायला, सांगतील. तेही बरोबर आहे, पण कंपनीने ती सोय खुली ठेवली आहे का, त्याच डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही चालतो का, यावर ते अवलंबून. दुमजली घरात वर एक, खाली एक असे दोन वायफाय हवेतच, म्हणून तुमच्यासाठी पहिला मार्ग सोपा.

हे केल्यावर तुम्ही आनंदाने हिशोब उघडायला जाल आणि तो पुन्हा उघडणार नाही. आधी सांगून ठेवतो, कारण इथेच लोक ‘छे, उगाच केलं’ म्हणून सगळं पूर्ववत करतात. झालेलं असतं असं: डेस्कटॉपचा गेटवे आता जुना राउटर नाही, नवा डबा आहे. विंडोज नेटवर्क ओळखतं ते बरंचसं गेटवेवरून. गेटवे बदलला की त्याच्या मते तुम्ही घर बदललंत. आणि अनोळखी ठिकाणी तो स्वतःला ‘पब्लिक’ समजून दार लावून घेतो, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या वायफायवर वागावं तसं. फाइल शेअरिंग बंद, पिंगलाही उत्तर नाही. डेस्कटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, त्या कनेक्शनवर क्लिक, आणि नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा. वहिनींच्या आणि मुलाच्या लॅपटॉपवरही वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तेच बघा. डबा बदलल्यानंतर ‘काहीच न करता’ शेअरिंग बंद पडल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त या एका क्लिकने मिटतात.

आता पिंगच्या दोन उत्तरांबद्दल, कारण ती पुढे आयुष्यभर उपयोगी पडतील. सगळे कॉम्प्युटर एका गल्लीत आल्यानंतर, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असताना, पिंग लागला नाही तर तो काय म्हणतो ते नीट वाचा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे समोरचा घरात आहे, पाकीट त्याच्या दारात पडलं, पण तो ओ देत नाही. हा बहुतेक वेळा फायरवॉल. पण ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि त्या ओळीत समोरच्याचा नव्हे, तुमचाच पत्ता दिसला, तर अर्थ वेगळा: तुमच्या कॉम्प्युटरने गल्लीत ओरडून विचारलं, अमुक पत्त्यावर कोण राहतं, आणि कुणीच हात वर केला नाही. तिथे फायरवॉलशी झटापट करण्यात अर्थ नसतो. पत्ता चुकलेला, समोरचा झोपलेला, केबल सुटलेली, नाहीतर राउटरच दोघांना एकमेकांशी बोलू देत नाही. शंका असेल तर पिंगनंतर लगेच एआरपी ही कमांड उणे ए जोडून द्या. यादीत समोरच्याचा आयपी आणि त्याच्यापुढे बारा अक्षरांचा फिजिकल ॲड्रेस दिसला, तर समोरच्याने हात वर केला होता. फायरवॉल पिंग गिळतो, पण हे हात वर करणं सहसा लपवत नाही.

एका दवाखान्यात रिसेप्शनचा कॉम्प्युटर डॉक्टरांच्या केबिनमधल्या लॅपटॉपला दिसेना. मी तासभर फायरवॉलचे नियम चाळत बसलो. शेवटी पिंगची ओळ नीट वाचली तेव्हा लक्षात आलं की ती ‘अनरीचेबल’ म्हणतेय. डॉक्टरांचा लॅपटॉप पेशंटसाठी ठेवलेल्या गेस्ट वायफायवर होता, कारण तो पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आणि टाइप करायला सोपा. गेस्ट वायफायचं कामच मुळी पाहुण्यांना एकमेकांपासून आणि घरापासून वेगळं ठेवणं. काही राउटरमध्ये हीच गोष्ट मुख्य वायफायवरही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ अशा नावाने असते. वायफायवरचे एकमेकांना दिसत नाहीत पण इंटरनेट सगळ्यांना मिळतं, असं असेल तर ती खूण शोधून काढा. हॉस्टेल, पीजी, सोसायटीचं सामायिक वायफाय इथे ती मुद्दाम लावलेली असते. तिथे तुम्ही काही करायचं नाही, विचारायचं.

फायरवॉलवर येतो. तुम्ही लॅपटॉपचा फायरवॉल बंद केलात, पण फोल्डर डेस्कटॉपवर आहे. विंडोजचा फायरवॉल मुळात आत येणाऱ्याला अडवतो, बाहेर जाणाऱ्याला नेहमीच्या सेटिंगमध्ये अडवत नाही. म्हणजे ज्याच्याकडे वस्तू आहे त्याचं दार तपासायचं, मागायला जाणाऱ्याचं नाही. डेस्कटॉपवर ‘अलाउ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ उघडा, यादीत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला प्रायव्हेटच्या रकान्यात टिक आहे ना बघा. ‘पब्लिक’ला देऊ नका, त्या मोहात पडू नका. तिथेच फायरवॉलच्या सेटिंगमध्ये ‘ब्लॉक ऑल इनकमिंग कनेक्शन्स’ अशी एक खूण असते; कुणीतरी कधीतरी ती लावून ठेवली असेल तर बाकीचे सगळे टिक शोभेचे. आणि संशय घालवायचाच असेल तर डेस्कटॉपचा प्रायव्हेट फायरवॉल दोन मिनिटं बंद करा, फोल्डर उघडतो का बघा, लगेच चालू करा. ही तपासणी आहे, दुरुस्ती नव्हे. त्यातही तुमच्या डेस्कटॉपवर विंडोज १०, ज्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याचं दार कायमचं उघडं टाकणं बरं नव्हे.

फायरवॉल बंद करूनही तसंच राहिलं तर दुसरा कुणीतरी पहारेकरी शोधा. नव्या कॉम्प्युटरबरोबर आलेला, मुदत संपलेला, कोपऱ्यात लाल चिन्ह दाखवत बसलेला अँटिव्हायरस. त्याचा स्वतःचा फायरवॉल असतो आणि पैसे भरले नाहीत म्हणून तो दार सोडतोच असं नाही. मी एकदा एका किराणा दुकानदाराच्या घरी यावर अख्खी दुपार घालवली. विंडोज सांगत होतं की फायरवॉल बंद आहे, आणि खरंच विंडोजचा बंदच होता. वापरायचा नसेल तर तो नुसता बंद न करता काढून टाका, आणि त्याच कंपनीचं सफाईचं साधन मिळत असेल तर तेही चालवा.

पिंगवर फार विसंबूही नका. पिंग बंद ठेवून फाइल देणारे कॉम्प्युटर असतात, आणि पिंग देऊन फाइल न देणारेही. मला हवं असतं ते एकच उत्तर: ४४५ चं दार वाजवलं तर उघडतं का. लॅपटॉपवर पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन, मग डेस्कटॉपचा पत्ता, मग उणे चिन्ह लावून पोर्ट आणि ४४५ असं द्या. शेवटच्या ओळीत ट्रू आलं की नेटवर्क, राउटर, फायरवॉल सगळे सुटले. इथून पुढचा नकार कुलपाचा, म्हणजे नाव-पासवर्डचा. फॉल्स आलं तर अजून दारातच आहोत, मागे जा.

फोल्डर उघडतानाही नावाने न जाता पत्त्याने जा: फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि डेस्कटॉपचा आयपी. ‘नेटवर्क’च्या खिडकीत डेस्कटॉपचं चित्र दिसत नाही म्हणून लोक हवालदिल होतात, पण ते चित्र दिसणं आणि फोल्डर उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र हवंच असेल तर डेस्कटॉपच्या सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ऑटोमॅटिक करा. मी सहसा त्याच्या नादी लागत नाही; पत्त्याने उघडलेल्या फोल्डरचा शॉर्टकट लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठेवतो आणि चहा घेतो.

आता पासवर्ड. पूर्वीचा पासवर्ड लॅपटॉपने जुन्या पत्त्याच्या किंवा नावाच्या खात्यावर साठवलेला असतो, नवा पत्ता त्याला परका. त्यामुळे तो पुन्हा विचारेल. तिथे लॉगिनचा चार आकडी पिन चालत नाही, पिन त्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्यासाठीच असतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचा खरा पासवर्ड लागतो, जो कुणालाच आठवत नसतो. आणि डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून रिकाम्या पासवर्डचं खातं घेत नाही. म्हणून मी सरळ डेस्कटॉपवर एक वेगळं साधं लोकल खातं काढतो, पासवर्डसह, आणि फोल्डर फक्त त्या खात्याला शेअर करतो. शेअरिंगच्या टॅबवर आणि सिक्युरिटीच्या टॅबवर दोन्हीकडे त्याला परवानगी द्या, कारण दोन्हींतली जी कडक तीच लागू होते. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की बहुधा दुसऱ्या टॅबचं राहिलेलं असतं.

व्हिडिओंमध्ये दोन सल्ले हमखास मिळतील. एक, ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा. वहिनींकडे अशिलांचे कागद आहेत, नका करू; शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून प्रो आवृत्ती बिनपासवर्डच्या गेस्ट जोडणीला नकारच देते, म्हणजे धोका पत्करूनही काम होणार नाही. दुसरा, ‘एसएमबी १’, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, चालू करा. वॉनाक्रायने ज्या खिंडीतून वाट काढली ती हीच, आणि २०१७ च्या शेवटापासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती मुळातच बंद येते. तुमच्या दोन्ही विंडोजना तिची गरज नाही.

चिरंजीवांचं माइनक्राफ्ट. दोन गल्ल्यांची एक गल्ली झाली की कदाचित ते आपोआप चालेल. नाही चाललं तर त्याला प्रेमाने विचारा: पहिल्यांदा गेम चालू केला तेव्हा फायरवॉलची एक खिडकी आली होती, तिच्यावर काय दाबलंस? सगळी मुलं ‘कॅन्सल’ दाबतात. आपल्याला वाटतं कॅन्सल म्हणजे नंतर बघू. विंडोज मात्र त्याचा अर्थ नको असा घेतं आणि त्या प्रोग्रॅमच्या नावावर ब्लॉकचा नियम लिहून ठेवतं. नंतर तुम्ही अलाउचे कितीही नियम घाला, ब्लॉक त्यांच्यावर भारी पडतो. डेस्कटॉपवर ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडून ‘इनबाउंड रूल्स’मध्ये लाल चिन्हाच्या ओळी शोधा. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती असेल तर नाव माइनक्राफ्ट असं नसेल. ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ असं काहीतरी दिसेल. त्या लाल ओळी पुसा, गेम पुन्हा चालू करा, खिडकी पुन्हा येईल, या वेळी प्रायव्हेटला हो म्हणा.

माझा सगळा तर्क लॅपटॉप तुमचे स्वतःचे आहेत असं धरून आहे. त्यातला एखादा कंपनीचा असेल, त्यावर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणारा खाजगी बोगदा) चालत असेल, तर ते चालू असताना घरातलं काहीच न दिसणं अगदी शक्य आहे. व्हीपीएन तोडून एकदा बघा. तेव्हा दिसलं तर तो ऑफिसचा नियम आहे, त्यांच्या आयटीवाल्यांशी बोला, स्वतः मोडायला जाऊ नका. उद्या घरात मॅक आला, तर २०२४ च्या सेकोया आवृत्तीपासून तो प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्कची वेगळी परवानगी विचारतो, आणि ‘नको’ दाबलेलं प्रायव्हसीच्या पानावर जाऊनच बदलावं लागतं. उबुंटूवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू असेल तर त्यात सांबाला, म्हणजे तिथल्या फाइल शेअरिंगच्या प्रोग्रॅमला, वाट द्यावी लागते. तत्त्व तेच.

रविवारी सकाळी बसणार असाल तर हाताशी एवढं ठेवा: आधी तिघांचे पत्ते कागदावर, मग जुन्या राउटरची मालकी काढणं, मग तिघांनाही प्रायव्हेट करणं, मग पिंगची ओळ नीट वाचणं, मग ४४५, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलली की लिहून ठेवा. सगळं जमलं की नव्या डब्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून डेस्कटॉपचा पत्ता कायमचा करून टाका. नाहीतर एखाद्या दुपारी लाइट जाईल, डबा पुन्हा चालू होईल, डेस्कटॉपला भलताच पत्ता मिळेल आणि वहिनींचा शॉर्टकट रिकाम्या घराचं दार वाजवत बसेल. मी तो पत्ता डॉक्टर टेपवर लिहून सीपीयूच्या पुढच्या बाजूला चिकटवतो, तारखेसह.

अडलात तर पिंगने काय म्हटलं ती ओळ जशीच्या तशी पाठवा, ‘लागत नाही’ एवढंच नको. आणि हो, वहिनींच्या लॅपटॉपचा फायरवॉल गेल्या महिन्यापासून बंदच असेल, आणि तो लॅपटॉप त्या अशिलांच्या ऑफिसात घेऊन जात असतील. रविवारची वाट न बघता तेवढा आज चालू करा.